घालमेल कक्ष

वृद्धाश्रमातला पाणी तापवण्याचा बॉयलर गेल्या थंडीत बंद पडला आणि कल्याण खात्याने त्याची तातडीने दखल घेतल्यामुळे या थंडीपर्यंत नव्या बॉयलरचा निधी मंजूर होऊन जमाही झाला. खात्याच्या इतिहासात इतकी घाई पूर्वी कधी झाली नव्हती. एका शाळेतल्या मुलांसाठी मंजूर झालेले बूट आले तेव्हा त्या मुलांची मुलं त्याच शाळेत शिकत होती, आणि बूट त्यांनाही लहान पडले, असं जुने लोक अजून कौतुकाने सांगत.

या घाईमागे धाकटे साहेब होते. वय पन्नाशीच्या पुढे, केस काय ते कानांवर उरलेले, तरी धाकटेच. कारण वर थोरले साहेब होते आणि ते निवृत्तीचं नाव काढत नव्हते. धाकटे साहेब मनाने चांगले होते. सगळं कार्यालय हे मान्य करी, आणि त्याबद्दल त्यांना कोणी फारसं माफ करत नसे. शिवाय त्या वृद्धाश्रमात त्यांची आत्या राहत होती. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. आश्रम फक्त निराधारांसाठी होता. आत्याला भाचा होता, तोही कल्याण खात्यात अधिकारी असलेला; पण तिला जवळचं असं कोणी नाही, हा दाखला धाकट्या साहेबांनी स्वतःच्या सहीने दिला होता. ती सही करताना त्यांना फार जड गेलं होतं. घरी जागा नव्हती असं नाही. पण एका खोलीत मुलाचा अभ्यास होता, दुसरीत व्यायामाची सायकल होती, आणि सायकल बायकोच्या माहेरून आलेली होती.

निधी जमा झाला त्याच आठवड्यातल्या रविवारी ते आत्याला भेटायला गेले.

"आत्या, या थंडीत गरम पाणी. माझा शब्द आहे."

"शब्द नको रे, पाणी दे," आत्या म्हणाली. "इथे अंघोळ कशी चालते माहितीये? सगळ्याजणी न्हाणीघराच्या दारात उभ्या राहतो आणि एकमेकींना म्हणतो, तुम्ही व्हा पुढे, तुम्ही मोठ्या. म्हणता म्हणता जेवणाची घंटा होते. इतक्या वाकून बोलणाऱ्या बायका तुला राजवाड्यात सापडायच्या नाहीत."

धाकटे साहेब हसले. निघताना आत्या खोकली, तेव्हा मात्र त्यांचं हसू मावळलं. येत्या आठवड्यात बॉयलरची ऑर्डर द्यायचीच, असं त्यांनी फाटकातून बाहेर पडता पडता ठरवून टाकलं.

सोमवारी थोरल्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते चिंतेत होते. गरिबी निवारण परिषदेसाठी मंत्री येणार होते आणि सभागृहातला गालिचा व्यासपीठाजवळ उसवला होता.

"मंत्री पाय अडकून पडले तर?" थोरल्या साहेबांनी विचारलं. "वृद्धांचं कल्याण मग कोण करणार? तुम्ही की मी?"

"गालिचा शिवून घेता येईल, साहेब."

"शिवलेल्या गालिच्यावरून गरिबी निवारायची? लोक काय म्हणतील? ते जाऊ द्या. तुमच्याकडे बॉयलरचा पैसा पडून आहे ना?"

"पडून नाही साहेब, तो शुक्रवारीच आलाय."

"तेच म्हणतोय मी. शुक्रवारपासून पडून आहे." थोरले साहेब खुर्चीत रेलले. "तात्पुरतं हो. पैसा काय, आपलाच आहे. चार दिवस गालिच्याकडे पाहुणा म्हणून जाईल, परत येईल."

त्या कार्यालयातून पाहुणा म्हणून गेलेला पैसा आजवर परत आला नव्हता. सगळ्यांना वाटे, तिकडे त्याचा पाहुणचार चांगला होत असावा. धाकट्या साहेबांनी फाईल उचलली, टेबलाशी आले, पेनचं टोपण काढलं आणि थांबले.

ही गोष्ट त्या इमारतीत नवीन होती. निधी वळवताना आजवर थांबलं नव्हतं कोणी. पेनातली शाई संपली असेल तर तेवढाच काय तो खोळंबा. हेडक्लार्कबाई हातातली टाचणी तशीच धरून पाहत राहिल्या.

"दुसरं पेन देऊ का साहेब?"

"पेन चांगलं आहे, बाई."

"मग?"

"मन धजत नाही."

बाईंनी थोडा विचार केला आणि स्टोअरमध्ये विचारून येते म्हणाल्या.

धाकटे साहेब उठून खिडकीशी उभे राहिले. समोर पार्किंगचं पत्र्याचं छत होतं, त्यावर एक कावळा होता, त्यांना दोन्ही दिसत नव्हते. दुपारी डबा उघडला, तो तसाच बंद केला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी चहासुद्धा परत पाठवला, तेव्हा शिपाई घाबरून डॉक्टरला बोलावू का म्हणून विचारून गेला.

आता खात्याची एक जुनी शिस्त होती. फाईल ज्या टेबलावर अडेल, तिथे ती का अडली याचं कारण रोजच्या रोज फाईलवर लिहायचं. साधारणपणे 'साहेब दौऱ्यावर' किंवा 'साहेबांच्या घरी कार्य' असं लिहून भागे. पण धाकटे साहेब तर समोर ढळढळीत उभे होते. हेडक्लार्कबाई खोटं लिहिणाऱ्यातल्या नव्हत्या, निदान कारण नसताना तरी. त्यांनी पहिल्या दिवशी लिहिलं, 'अधिकारी विचार करीत आहेत.' दुसऱ्या दिवशी, 'अधिकारी अद्याप विचार करीत आहेत.' तिसऱ्या दिवशी त्यांनाच भरून आलं आणि त्यांनी लिहिलं, 'अधिकारी जेवले नाहीत.'

शेवटी थोरले साहेब स्वतः उठून टेबलापाशी आले. रागावले नाहीत. त्यांनी धाकट्या साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमची तगमग दिसतेय मला. पण असं बघा. तुम्ही सही केली नाहीत तर मी ती पलीकडच्या टेबलावरून करून घेईन. तो गृहस्थ शीळ घालत सही करतो. तुम्हाला निदान वाईट तरी वाटतंय. आता तुम्हीच सांगा, म्हाताऱ्या माणसांचा पैसा वाईट वाटणाऱ्या माणसाच्या हातून जावा, की शीळ घालणाऱ्याच्या?"

धाकट्या साहेबांनी पुष्कळ डोकं खाजवलं. या प्रश्नाला उत्तर नव्हतं. निदान सोयीचं तरी नव्हतंच. त्यांनी सही केली. सही करताना त्यांचा हात थरथरला, हे बाईंनी पाहिलं आणि फाईलवर नोंदलंही.

गालिचा आला. मंत्री आले नाहीत, त्यांचा संदेश आला. तो नव्या गालिच्यावरून सन्मानपूर्वक व्यासपीठापर्यंत नेण्यात आला.

आश्रमात आत्याने सगळं ऐकून घेतलं. डोक्याला स्कार्फ, अंगात दोन स्वेटर, वर चादर.

"तुला वाईट वाटलं?"

"आत्या, तीन दिवस घास उतरला नाही गं."

"बरं केलंस सांगितलंस. मला उगाच वाटत होतं की फक्त मलाच थंडी वाजतेय." आणि ती पुन्हा खोकली.

पुढच्या महिन्यात लेखापरीक्षक आला. मान खाली घालून येणारा, मान खाली घालून जाणारा बारीक अंगाचा माणूस. पण त्याच्या पेनला सगळं कार्यालय टरकून असे. त्याने एकेक फाईल उघडायला सुरुवात केली. शिलाई यंत्रांच्या पैशातून थोरल्या साहेबांच्या गाडीचे टायर. आक्षेप. कुबड्यांच्या पैशातून केबिनचा पडदा. आक्षेप. पाळणाघराच्या दुधाच्या पैशातून सचिवांच्या स्वागताचे फुगे. गंभीर आक्षेप, दोन वेळा अधोरेखित. थोरल्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी तर जाणारच, पण टायरही काढून द्यावे लागतात की काय, या विचाराने ते हवालदिल झाले.

मग बॉयलरची फाईल आली. लेखापरीक्षकाने ती वाचली. परत मागे जाऊन वाचली. 'अधिकारी जेवले नाहीत' या ओळीशी तो थांबला. त्याने चष्मा काढला, काचा पुसल्या, आणि मग डोळेही पुसले.

"या खुर्चीत बसून खाल्लेलं पुष्कळ पाहिलं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "उपाशी राहिलेला माणूस पहिल्यांदा पाहतोय."

त्याने लिहिलं: 'निधी अन्यत्र वळवण्यात आला असला, तरी तसे करताना संबंधित अधिकाऱ्यास पुरेसे मानसिक क्लेश झाल्याचे अभिलेखावरून दिसून येते. सबब हेतू शुद्ध. आक्षेप नाही.'

लेखापरीक्षक गेल्यावर थोरले साहेब बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसले. एखाद्याला परसात खणताना खनिज तेल लागावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"काय मूर्ख होतो आपण," ते म्हणाले. "इतकी वर्षं झटपट सह्या करत राहिलो."

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं. यापुढे कोणताही कल्याण निधी अन्यत्र वळवताना संबंधित अधिकाऱ्याने पुरेशी घालमेल करणे बंधनकारक राहील. घालमेल कार्यालयीन वेळेतच करावी. घालमेलीच्या काळात हसणे, शीळ घालणे व मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर पाहणे वर्ज्य. घालमेलीविना वळवलेला निधी हा गैरव्यवहार समजण्यात येईल.

कार्यालयाची कळाच पालटली. खिडकीशी उभं राहायला रांग लागू लागली, मग टोकन द्यावं लागलं. सुस्कारे असे सुटत की टेबलावरचे कागद वजनाखाली ठेवायची पाळी आली. काहींना हे जमत नसे. एक अधिकारी घालमेल करता करता घोरायला लागला. दुसऱ्याने डबा परत पाठवला आणि कँटीनच्या मागच्या दाराने आत जाताना सापडला. शीळ घालणाऱ्याची तर कमालच होती; तो तोंड पाडून बसायचा, पण पाय टेबलाखाली ताल धरायचे. आणि तरीही कामाचा झपाटा वाढला. पूर्वी भीत भीत वर्षाला पाच-सहा निधी वळत. आता घालमेल रीतसर होत असल्यामुळे भीतीचं कारण उरलं नव्हतं. अंधांच्या काठ्या, बहिऱ्यांची यंत्रं, अनाथांची अंथरुणं, सगळं पूर्ण दुःखासह वळू लागलं.

फक्त धाकट्या साहेबांनाच खरोखर वाईट वाटत होतं. ही त्यांची अडचण होती आणि खात्याचं भांडवल. त्यांना नव्याने स्थापन झालेल्या घालमेल कक्षाचं प्रमुख करण्यात आलं. कक्ष म्हटल्यावर खोली आली, खोलीत सोफा आला, सोफ्यावर बसून अधिकाऱ्यांच्या मनाच्या गाठी सोडवणारा मऊ आवाजाचा समुपदेशक आला. खर्च भागवायला बॉयलरच्या नळजोडणीची रक्कम बाजूला पडलेली होतीच.

"आता बॉयलर आला तरी नळ कुठून येणार?" धाकट्या साहेबांनी विचारलं.

"बॉयलर कुठे आलाय?" थोरल्या साहेबांनी विचारलं. "बॉयलर नसताना नळजोडणीवर खर्च करणं, याला काय म्हणतात माहितीये? गैरव्यवहार."

धाकट्या साहेबांची त्या वेळची घालमेल इतकी अस्सल होती, की ती पाहायला बाहेरगावच्या कार्यालयांतून प्रशिक्षणार्थी आले. ते वह्या घेऊन भिंतीशी उभे राहिले. साहेबांनी सही केली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

समुपदेशक रोज साहेबांना सोफ्यावर निजवून विचारी, "आत्ता नेमकं कुठे दुखतंय?"

"आश्रमात."

"नाही, तुमच्या आत."

"आत आत्या आहे."

"छान. तिला तसंच राहू द्या. फक्त तिच्याकडे बघू नका."

साहेबांचं वजन उतरलं. बायकोला सुरुवातीला बरं वाटलं, सायकल न चालवता हे साधलं म्हणून. पण गाल बसले तेव्हा तीही काळजीत पडली. इतर अधिकाऱ्यांच्याही पाठी धरल्या होत्या, कारण खिडकीशी फार वेळ उभं राहावं लागत होतं. समुपदेशकाने अहवाल दिला: नैतिक ताणाने आखडलेल्या स्नायूंना गरम पाण्याचा शेक आवश्यक. कार्यालयात त्वरित बॉयलर बसवावा.

आता बॉयलर आणायचा कशातून? गालिच्याचा पैसा तर गालिच्यात गेला होता. पण आश्रमाच्या बॉयलरसाठी पुढच्या वर्षाचा नवा हप्ता नुकताच आला होता. प्रश्न एवढाच होता की तो निराधारांसाठी होता आणि अधिकारी निराधार नव्हते. इथे हेडक्लार्कबाईंनी बाजू सावरली. त्यांनी निराधार शब्दाची व्याख्या काढून वाचली: 'कठीण प्रसंगी ज्याच्या पाठीशी कोणी नाही असा.' मग त्यांनी विचारलं, "निधी वळवायची सही करताना साहेब, तुमच्या पाठीशी कोण असतं?"

कोणीच नसतं, हे सगळ्यांना एकदम पटलं. दोघांच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. सगळ्या अधिकाऱ्यांना निराधार घोषित करण्यात आलं आणि बॉयलर आला. मोठा, चकचकीत, पन्नास माणसांना पुरेल असा. थोरल्या साहेबांनी विशेष समाधान व्यक्त केलं, की खात्याच्या इतिहासात प्रथमच बॉयलरचा पैसा बॉयलरवर खर्च झाला.

बॉयलर आल्याची बातमी आश्रमात पोचायला वेळ लागला नाही. एका सकाळी आत्या खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी घेऊन रिक्षाने थेट कार्यालयात आली. हेडक्लार्कबाईंनी तिला आदराने बसवलं, पाणी दिलं. पाणी थंड होतं.

"आजी, तुम्हाला काही नैतिक पेच आहे का?"

"मला थंडी वाजते."

"थंडी झाली शारीरिक. ती आरोग्य खात्याकडे. आमच्याकडे फक्त मनाचं बघतात. आठवून बघा, एखादी गोष्ट करावी की न करावी, असं काही होतं का तुम्हाला?"

"होतं की. रोज सकाळी. अंघोळ करू की नको."

बाई चमकल्या. त्यांनी नियम काढून पाहिले, पण पेच सार्वजनिक पैशाचा असावा लागतो असं त्यात स्पष्ट होतं, आणि आत्याच्या अंघोळीत सार्वजनिक पैसा अजून शिरला नव्हता.

त्याच वेळी धाकटे साहेब आतल्या न्हाणीघरात टबात बसले होते. आश्रमाच्या बॉयलरचा दुसरा हप्ताही आपणच वळवला, या दुःखावर समुपदेशकाने त्यांना तो उपाय सांगितला होता. वाफेने आरसा धुरकट झाला होता. दाराच्या फटीतून आत्याचा आवाज आला आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. बाहेर जावं, तिचा हात धरून तिला आत आणावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. पण अंगावर कपडे नव्हते. कपडे घालून जावं, तर अंग ओलं होतं. अंग पुसून जावं, तर तोवर ती निघून गेली तर? आणि न गेली तर तिला काय सांगायचं? या पेचात पाणी पार निवेपर्यंत ते टबातच बसून राहिले. बाहेर आले तेव्हा आत्या गेली होती आणि खुर्चीवर तिची साबणाची डबी राहिली होती. ती पाहून साहेब हमसून हमसून रडले. हेडक्लार्कबाईंनी ते नोंदवून घेतलं.

त्यानंतर मात्र त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं.

संधीही लगेच आली. घालमेल कक्षाची कीर्ती वरपर्यंत गेली होती आणि वरून आदेश आला होता, की सर्वोत्तम घालमेलीसाठी गौरव समारंभ भरवावा. समारंभाला खर्च होता. थोरल्या साहेबांनी फाईल पुढे सरकवली. आश्रमाच्या रात्रीच्या जेवणाचा निधी.

धाकट्या साहेबांनी फाईल उघडली, वाचली, मिटली आणि म्हणाले, "नाही."

"म्हणजे आज नाही. समजलं. हवा तितका वेळ घ्या. खिडकी रिकामी करून देतो."

"वेळ नको साहेब. सही नाही करणार. त्या बायका रात्री जेवल्या पाहिजेत."

बाहेर टोकन नंबर पुकारलेला खोलीत स्पष्ट ऐकू आला. धाकट्या साहेबांना हलकं हलकं वाटू लागलं. किती सोपं होतं हे! पोटात कितीतरी दिवसांनी भूक लागल्यासारखं झालं. आता आश्रमात जाऊन आत्याला सांगावं, असंही मनात येऊन गेलं.

थोरले साहेब गोंधळून परिपत्रक चाळत होते. त्यात याची तरतूदच नव्हती.

"अहो, घालमेलीचा शेवट सहीत व्हावा लागतो," ते काकुळतीने म्हणाले. "नाही तर ती घालमेल कसली? तो हट्ट झाला. तुम्ही कक्षप्रमुख. तुम्हीच असं केलंत, तर आजवर ज्यांनी रडून सह्या केल्या त्यांच्या रडण्याला काय अर्थ राहिला?"

"तो त्यांनी बघावा."

"बरं." थोरल्या साहेबांनी परिपत्रक बाजूला ठेवलं. आवाज एकदम घरगुती झाला. "तुमची आत्या त्याच आश्रमात आहे ना? तिला कोणी नाही असा दाखला आहे. पण मी ऐकतो की तिला एक भाचा आहे. चांगल्या हुद्द्यावर आहे म्हणे. असं असेल तर तिला तिथे ठेवता येणार नाही. त्या भाच्याला तिला घरी न्यावं लागेल. आणि त्या दाखल्यावर ज्याची सही आहे, त्यालाही कुठेतरी जावं लागेल."

धाकटे साहेब खिडकीशी गेले. पलीकडे कावळा होता की नव्हता, कोण जाणे. त्यांच्या डोळ्यांपुढे ती सायकल आली, ती हलवायची तर ठेवायची कुठे हा प्रश्न आला, बायको काय म्हणेल ते आलं, मुलाची परीक्षा आली, निवृत्तिवेतन आलं. आत्याही आली, पण ती गर्दीत जरा मागे पडली. संध्याकाळी त्यांनी सही केली. रडले, जेवले नाहीत, हात इतका थरथरला की सही दुसऱ्याच कोणाची तरी वाटत होती. निवड समितीने एकमताने पहिलं बक्षीस त्यांनाच दिलं. शीळ घालणाऱ्याला उत्तेजनार्थ मिळालं.

समारंभ थाटात झाला. गालिचा होताच. सभागृह गच्च भरलं होतं. अधिकारी, पत्रकार, गावातली प्रतिष्ठित आणि विचारी मंडळी, पहिल्या रांगेत धाकट्या साहेबांची बायको. थोरल्या साहेबांनी भाषणात एका प्रामाणिक माणसाच्या काळजाची ससेहोलपट अशी काही उभी केली, की लोक नाक पुसू लागले. मग सन्मानचिन्ह आलं. काचेचं मोठं हृदय होतं, मधोमध मुद्दाम तडा दाखवलेला, आणि चांगलंच जड. ते लाभार्थ्याच्या हस्ते द्यायचं ठरलं होतं. आश्रमातून अंगावर दोन स्वेटर घातलेली एक म्हातारी आणली होती. ती आत्या होती.

तिने ते हृदय भाच्याच्या हातात ठेवलं. त्याने ते सांभाळून धरलं आणि मान खाली घातली. निवेदकाने तिच्यापुढे माइक केला, दोन शब्द बोला म्हणून. ती थोडी खोकली.

"या पोराचं ऐकून वाईट वाटलं का सगळ्यांना?"

सभागृहातून हुंकार उठला.

"तसं नाही. नीट दिसू दे मला. ज्याला ज्याला वाईट वाटलं, त्याने हात वर करा."

झाडून सगळे हात वर गेले. थोरल्या साहेबांनी तर दोन्ही केले. छायाचित्रकारांनी धडाधड फोटो काढले.

"छान. आता ज्याच्या घरी गरम पाणी येतं, त्याने हात तसाच ठेवा."

एकही हात हलला नाही. प्रतिष्ठित मंडळी होती.

"माणसं मनाची चांगली आहात," आत्या म्हणाली. "आश्रमातल्या बायका बाहेर गाडीत बसल्यात. मी धरून अठरा जणी आहोत. आज रात्रीचं जेवणही नाही, त्यामुळे परत जायची घाई कोणाला नाही. एकेकीला एकेकाने घरी न्यायचं, बादलीभर पाणी द्यायचं, की झालं. जे नेणार असतील त्यांनी हात वरच राहू द्या."

पहिल्या रांगेत धाकट्या साहेबांची बायको शेजारणीला हळूच म्हणाली, "आमचा गीझर लहान आहे हो." मागे कोणीतरी घड्याळ पाहायला हात खाली घेतला. कोणाचा फोन वाजला, कोणाला तो आपलाच वाजल्यासारखा वाटला. पत्रकारांना लिहून घ्यायचं होतं. समुपदेशकाच्या खांद्यात कळ आली. पाहता पाहता सभागृहात एकही हात उरला नाही, आणि लोक पुन्हा नाक पुसू लागले, या वेळी जरा मोठ्याने.

आत्याने शेवटी भाच्याकडे पाहिलं. धाकट्या साहेबांना हात वर करायचा होता, अगदी मनापासून करायचा होता. पण काचेचं हृदय जड होतं, ते पेलायला दोन्ही हात लागत होते.

आणि आपलंही, वाचकहो, तसंच झालं. आपल्यालाही आत्ता वाईट वाटलं, ते आमच्यापर्यंत पोचलं. आपण हात वर केला असताच, यात शंका नाही. पण काय करणार, आपल्या हातात हे पुस्तक होतं.